अटलांटात सदर्न रॉक ऐकायला पहिल्यांदाच जाताय? तिकिटापासून शेवटच्या गाडीपर्यंत

पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या खांद्याला शबनम होती आणि शबनममध्ये मेथीच्या पराठ्यांचा स्टीलचा डबा. दारावरच्या सहा फुटी रखवालदाराने डबा उघडला, मनापासून वास घेतला, "फार छान वास येतोय मॅडम, पण आत नाही" असं म्हणाला आणि डबा परत माझ्या हातात दिला. पिशवीही आत नेता येणार नव्हती. गाडी चार चौक लांब लावलेली. तिथे जाऊन परत आलो, तर नवऱ्याने मला पाठवलेला तिकिटाचा स्क्रीनशॉट यंत्र वाचेना. शेवटी आत पोचलो तेव्हा पहिला बँड आवरून निघाला होता.

त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत बऱ्याच कार्यक्रमांना गेले. आता अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या अटलांटाच्या उत्तरेकडच्या भागात कुणी नवीन मराठी कुटुंब आलं आणि "इथलं काहीतरी खास ऐकायचंय" म्हणालं की मी तेच तेच सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

१. आधी थोडं ऐकून घ्या

सदर्न रॉक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत साठच्या दशकाच्या शेवटी घडलेलं रॉक. त्यात ब्लूज आहे, कंट्री आहे, चर्चमधलं गॉस्पेल आहे. ते जिथे घडलं ते मेकन गाव अटलांटापासून दीड तासावर. १९६९ मध्ये तिथे कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑलमन ब्रदर्स बँड मेकनला राहायला आला. ही मंडळी तेव्हा अटलांटाच्या पीडमाँट पार्कात फुकट वाजवायची. आज त्याच बागेत आपण पोरांना सायकल शिकवतो.

आपल्या कानाला यातलं सगळ्यात लवकर काय पटतं, तर दोन गिटारींची जोडी. एकच सुरावट दोघं एकदम वाजवतात, पण एक षड्जावरून चालली असेल तर दुसरी गंधारावरून. मग एक थांबते, दुसरी आपलं म्हणणं मांडते. गाण्याचे शब्द संपले तरी वाजवणं दहा-दहा मिनिटं चालू राहतं. जुगलबंदी ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तयारीसाठी दोनच रेकॉर्डी सांगते, दोन्ही प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेल्या. ऑलमन ब्रदर्सची १९७१ ची 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' आणि लेनर्ड स्किनर्ड या बँडची १९७६ ची 'वन मोर फ्रॉम द रोड'. पहिलीत ड्वेन ऑलमनची स्लाइड गिटार ऐका. स्लाइड म्हणजे बोटात घातलेली नळी, ती तारांवरून घसरवायची. ड्वेन त्यासाठी सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली अनामिकेत घालायचा. तारेवर ती बाटली सरकते तेव्हा मींड ऐकल्यासारखं वाटतं.

आणि हे नुसतं मला वाटतं असंही नाही. आजचा सगळ्यात नावाजलेला स्लाइडवादक डेरेक ट्रक्स कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या विद्यालयात शिकून आलेला आहे. त्याच्या टेडेस्की ट्रक्स बँडचा दौरा जाहीर झाला की माझ्या कॅलेंडरवर सगळ्यात आधी त्याची खूण पडते.

२. बँडच्या नावापुढचं बारीक वाचा

इथे नवखा माणूस हमखास फसतो. या संगीताची पहिली पिढी आता जवळपास संपली आहे. ऑलमन ब्रदर्स बँडने शेवटचा कार्यक्रम ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कला केला. त्यांचा गायक ग्रेग ऑलमन २०१७ मध्ये गेला, गिटारवादक डिकी बेट्स २०२४ मध्ये. लेनर्ड स्किनर्डचा मूळ गायक रॉनी व्हॅन झँट १९७७ च्या विमान अपघातात गेला. १९८७ पासून त्याचा धाकटा भाऊ जॉनी गातो. मूळ संचातला शेवटचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन मार्च २०२३ मध्ये वारला.

त्यामुळे जाहिरातीत जुनं नाव मोठ्या अक्षरात दिसलं की दोन गोष्टी तपासा. मंचावर आज कोण आहे? आणि हा तोच बँड आहे, की त्यांची गाणी वाजवणारा 'ट्रिब्यूट' बँड? ट्रिब्यूट बँड वाईट असतात असं नाही. एका छोट्या हॉलमध्ये मी असा एक ऐकला आणि घसा बसेपर्यंत ओरडले. पण आपण कशाचे पैसे देतोय ते आधी ठाऊक हवं. ट्रिब्यूटला मूळ बँडचा भाव मागत असतील तर सोडून द्या.

माझं ऐकाल तर पहिला कार्यक्रम आजच्या पिढीचा निवडा. ब्लॅकबेरी स्मोक हा अटलांटाचाच बँड, २००० साली सुरू झालेला. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्यांनी घरच्या गावात बरेचदा वाजवलंय. गावच्या बँडला गावचं पब्लिक भेटतं तेव्हा हॉलचा रंगच वेगळा असतो.

३. बँडइतकाच हॉलही निवडा

खरं तर बँडपेक्षा जास्त. हाच बँड मी बारा हजारांच्या मैदानात ऐकलाय आणि दोन हजारांच्या हॉलमध्येही. पहिल्या वेळी पडद्यावरचे चेहरे पाहत बसले होते. दुसऱ्या वेळी ड्रमचा ठोका छातीच्या फासळ्यांत जाणवत होता.

*फॉक्स थिएटर.* पीचट्री स्ट्रीटवर, १९२९ च्या नाताळात उघडलेलं. साधारण ४,६०० खुर्च्या, सगळ्या क्रमांकाच्या. आधी श्राइनर या अरबी थाटाची आवड असलेल्या अमेरिकी मंडळाचं सभागृह म्हणून बांधायला घेतलेलं, म्हणून घुमट, कमानी, मिनारांचा थाट. आतलं छत रात्रीच्या आकाशासारखं निळं, त्यात ९६ तारे बसवलेत आणि काही लुकलुकतात. आईला इथे घेऊन गेले होते. बँड सुरू होईस्तोवर ती मान वर करून बसली होती आणि नंतर म्हणाली, "गाणं मला कळलं नाही, पण मांडव झकास आहे." सत्तरच्या दशकात टेलिफोन कंपनीच्या इमारतीसाठी हे थिएटर पाडायचं घाटत होतं. गावाने मोहीम काढून ते वाचवलं. त्याच काळात, जुलै १९७६ मध्ये, स्किनर्डने इथे तीन रात्री वाजवलं. वर सांगितलेली रेकॉर्ड त्याच रात्रींची. आई-वडील, लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर फॉक्सच.

*टॅबर्नॅकल.* माझा सगळ्यात आवडता. मुळात बॅप्टिस्ट चर्च, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. १९९६ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्याचं संगीतगृह झालं. अडीच हजारांच्या आसपास माणसं मावतात. खाली बहुधा उभं राहायचं, वर सज्जे. वरचे सज्जे चांगलेच उभट आहेत, उंचीची भीती असणाऱ्यांनी वरची तिकिटं घेऊ नयेत. पण लाकडी जमिनीवर दोन हजार माणसं एका तालात पाय आपटतात तेव्हा ही वास्तू चर्च होती हे आपोआप आठवतं.

*व्हरायटी प्लेहाउस.* लिटल फाइव्ह पॉइंट्स भागातलं जुनं सिनेमाघर, हजारेक माणसांचं. कुठूनही नीट दिसतं. भोवतालचा परिसर म्हणजे जुन्या रेकॉर्डींची दुकानं, गोंदवून घ्यायची दुकानं आणि रंगीत भिंती. तासभर आधी जाऊन भटका.

*अल्फारेटाचं अ‍ॅम्फिथिएटर.* आपल्यापैकी बहुतेकांच्या घरापासून जवळ, म्हणून सगळे तिथेच जातात. बारा हजारांची जागा, मागे हिरवळ. हिरवळीचं तिकीट स्वस्त असतं, सतरंजीवर बसता येतं, पोरं लोळतात. संगीत मात्र दुरून ऐकू येतं. जॉर्जियातल्या उन्हाळ्यात संध्याकाळी वळीव ठरलेला. पाऊस आला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. पातळ रेनकोट ठेवा, छत्री बहुधा आत सोडत नाहीत. आणि कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण-एक तास धरा.

याशिवाय ब्लाइंड विलीज हा छोटा ब्लूज क्लब आहे. त्याला नाव दिलंय जॉर्जियाच्याच ब्लाइंड विली मॅक्टेल या ब्लूज गायकाचं. फिलमोर ईस्टच्या रेकॉर्डचं पहिलंच गाणं मूळ त्याचं. सदर्न रॉक कुठून आलं हे तिथे एका संध्याकाळीत उमगतं.

४. तिकीट: सगळ्यात जास्त घोळ इथेच

नेहमी हॉलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून सुरुवात करा आणि तिथल्या लिंकवरूनच पुढे जा. टॅबर्नॅकलची तिकिटं टिकेटमास्टरवर असतात, व्हरायटी प्लेहाउसची एएक्सएसवर. गूगलवर हॉलचं नाव टाकलं की सगळ्यात वर जे येतं ते अनेकदा पुनर्विक्रीवाल्यांचं जाहिरात-पान असतं. नाव हुबेहूब, किंमत दुप्पट.

मे २०२५ पासून सगळी फी धरूनच किंमत दाखवणं कायद्याने बंधनकारक झालंय, त्यामुळे शेवटच्या पायरीवर दर फुगायचा जुना प्रकार कमी झाला. तरी हॉलच्या खिडकीवर जाऊन घेतलं तर काही फी वाचते का, ते विचारून बघा. आमचं जोडप्याचं एकदा जेवण निघालं होतं तेवढ्यात.

'जनरल अ‍ॅडमिशन' म्हणजे जागा ठरलेली नाही, बहुतेक वेळा तीन तास उभं राहायचं. 'रिझर्व्ह्ड' म्हणजे खुर्ची. वयाची अटही तिथेच असते: सर्व वयांसाठी, १८ वरचे, किंवा २१ वरचे. सोळा वर्षांच्या भाच्याला घेऊन २१ वाल्या क्लबच्या दारातून परतलेलं एक कुटुंब मला ठाऊक आहे, म्हणून सांगते.

तिकीट फोनमधल्या अ‍ॅपमध्येच राहतं. त्याचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, म्हणून स्क्रीनशॉट चालत नाही. बरोबरच्याचं तिकीट अ‍ॅपमधूनच त्याच्या नावे 'ट्रान्सफर' करा, आणि तेही घरी असतानाच. दारात दोन हजार फोन एकाच टॉवरवर लोंबकळत असतात. तिकीट आधीच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा.

फेसबुकवर "ऐनवेळी जमत नाही, दोन तिकिटं अर्ध्या किमतीत" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पैसे पाठवू नका. झेलने गेलेले पैसे परत येत नाहीत. भारतीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधला माणूस असला तरी आधी ट्रान्सफर, मग पैसे.

५. बरोबर काय घ्यायचं

- फोटो असलेलं ओळखपत्र. जॉर्जियाचं लायसन्स असेल तर उत्तम, नसेल तर मूळ पासपोर्ट. भारतीय लायसन्स, आधार किंवा पासपोर्टची झेरॉक्स बिअरच्या काउंटरवर चालत नाही. केस पिकलेत म्हणून कुणी सोडणार नाही. माझ्या सासऱ्यांना सत्तरीत वयाचा पुरावा मागितला, ते आठवडाभर खूश होते. पासपोर्ट घेऊन हिंडायला नको वाटत असेल तर राज्याच्या ड्रायव्हर सर्व्हिसेस खात्याकडून नुसतं ओळखपत्रही काढता येतं.
- चार्ज केलेला फोन आणि छोटी पॉवर बँक.
- कार्ड. बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत.
- पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, साधारण १२ इंच बाय १२ इंच बाय ६ इंच, किंवा तळहाताएवढी पर्स. प्रत्येक हॉलचा नियम थोडा वेगळा असतो, आदल्या दिवशी वेबसाइटवर बघा.
- कानात घालायचे बोळे. याबद्दल पुढे.
- हलका स्वेटर. बाहेर पस्तीस अंश असले तरी आत एसी कडक.

डबा घरी ठेवा. पाण्याची स्टीलची बाटलीही. खिशातला स्विस चाकू आणि किल्लीच्या जुडग्याला लटकवलेला मिरीचा फवाराही गाडीतच.

६. जायचं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं, यायचं कसं

शहरातल्या हॉलसाठी मार्टाची, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतुकीची, रेल्वे. उत्तरेकडच्यांनी नॉर्थ स्प्रिंग्जला गाडी लावावी आणि लाल मार्गाची गाडी पकडावी. फॉक्ससाठी नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूला उतरायचं, तिथून पाच मिनिटं चालत. टॅबर्नॅकलसाठी पीचट्री सेंटर. हे स्टेशन खडकात खूप खोल आहे आणि तिथला सरकता जिना संपता संपत नाही. मुलांना फार आवडतो.

परतीचा सापळा असा: रात्री उशिरा लाल मार्गाच्या गाड्या गावात येईनाशा होतात, त्या लिंडबर्ग सेंटरवरूनच सुटतात. म्हणजे शहरातून सोनेरी मार्गाची, डोराव्हिलकडे जाणारी गाडी धरायची आणि लिंडबर्गला बदलायची. त्या दिवशीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. एकदा आम्ही बोलण्याच्या नादात उतरलोच नाही आणि मध्यरात्री डोराव्हिलला पोचलो. (स्किनर्डची पहिली रेकॉर्ड १९७३ मध्ये डोराव्हिलच्याच एका स्टुडिओत झाली. नवऱ्याने ही माहिती मला तिथे फलाटावर दिली. मी काही बोलले नाही.)

गाडीच न्यायची असेल तर पार्किंग आधी आरक्षित करा. खाजगी जागेत फलक न वाचता गाडी लावली की चाकाला लोखंडी बूट लागतो, मग तिथेच पैसे भरा आणि वाट बघत बसा. उबर बोलवायची असेल तर हॉलच्या दारातून नको. दोन चौक चालत जा, मग बोलवा. दरही उतरलेला असतो.

७. आत गेल्यावर

तिकिटावर दोन वेळा असतात. 'डोअर्स' म्हणजे दार उघडायची वेळ, 'शो' म्हणजे पहिला बँड सुरू व्हायची. ज्यांच्यासाठी आलात ते त्यानंतर तास-दीड तासाने येतात. पण उशिरा जाऊ नका. सुरुवातीला वाजवणारे नवे बँड मला अनेकदा जास्त भावले आहेत, आणि उभ्याच्या तिकिटात चांगली जागा लवकर येणाऱ्यालाच मिळते. कुठे उभं राहायचं? आवाज जुळवणाऱ्याचं टेबल हॉलच्या मध्ये किंवा मागे असतं, त्याच्या जरा पुढे. तो जे ऐकतोय तेच तुम्हाला ऐकू येतं. अगदी पुढे कठड्याला चिकटलात तर गायकाचे बूट दिसतात आणि एकाच बाजूची गिटार ऐकू येते.

खुर्चीचं तिकीट असलं तरी आवडत्या गाण्याला सगळी रांग उभी राहते. आपणही उभं राहायचं, भांडायचं नाही. बारवर प्रत्येक पेयामागे एक-दोन डॉलर टिप. आणि कुठल्याही बँडसमोर "फ्री बर्ड" (स्किनर्डचं गाजलेलं गाणं) असं फर्माईश म्हणून ओरडू नका. पन्नास वर्षांचा शिळा विनोद आहे तो. सवाईत कुणी चालू रागात फर्माईश ओरडली तर जसं होईल तसं इथे वादकांना होतं.

लोकांबद्दल. गर्दीत पन्नाशी-साठीचे पुष्कळ असतात, दाढीवाले, बूटवाले, आणि बोलायला एकदम मोकळे. "तुम्ही मंडळी कुठून आलात?" हा प्रश्न नक्की येतो. पुणे सांगून त्यांना कळत नाही, पण डेरेक ट्रक्स आणि सरोद म्हटलं की गप्पा रंगतात. क्वचित कुणाच्या टोपीवर कॉन्फेडरेट झेंडा दिसतो, म्हणजे अमेरिकेच्या यादवीत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा. या संगीताच्या जाहिरातीत तो वर्षानुवर्षं मिरवला गेला, आणि कृष्णवर्णीयांसाठी तो गुलामगिरीचा झेंडा आहे. मला तो खुपतो, मी जागा बदलते. पण ऑलमन ब्रदर्समध्ये १९६९ पासून जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमर होता, दक्षिणेत गोरे-काळे एका टेबलावर बसले तरी लोक वळून बघायचे त्या काळात. तीही या संगीताचीच गोष्ट आहे, आणि ती मला जास्त जवळची वाटते.

८. कान सांभाळा

हे गमतीने घेऊ नका. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. रॉकच्या हॉलमध्ये १०० डेसिबल सहज होतात, म्हणजे हिशोब पंधरा मिनिटांवर येतो. फोमचे बोळे बारवर मागितले तर बरेचदा मिळतात, पण त्यातून सगळं रजईखालून ऐकल्यासारखं येतं. वीसेक डॉलरचे संगीतासाठीचे बोळे घ्या, सूर स्वच्छ राहतात. मुलांना कानावरचे मोठे हेडफोनसारखे रक्षक. माझी लेक ते गुलाबी रक्षक लावून दुसऱ्या सज्जात झोपी गेली होती, समोर दोन ड्रमर बडवत असताना.

९. चटक लागलीच तर मेकन

एखाद्या शनिवारी आय-७५ महामार्गाने दक्षिणेला दीड तास. व्हाइनव्हिल अ‍ॅव्हेन्यूवर 'द बिग हाउस', ऑलमन ब्रदर्सचं बिऱ्हाड १९७० ते १९७३ या काळात जिथे होतं ते घर, आता संग्रहालय. कॅप्रिकॉर्नचा जुना स्टुडिओ २०१९ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला आहे. रोझ हिल दफनभूमीत ड्वेन, ग्रेग आणि बास वाजवणारा बेरी ओकली यांच्या कबरी आहेत. ड्वेन मोटारसायकलच्या अपघातात चोविसाव्या वर्षी गेला, आणि वर्षभराने त्याच गावात तसाच बेरी.

जेवायला एच अँड एच. बँडकडे पैसे नव्हते तेव्हा इथल्या 'मामा लुईज' नावाच्या बाईने त्यांना उधारीवर जेवू घातलं, आणि पुढे बँडने तिला दौऱ्यावरही नेलं. शाकाहारी असाल तर एक सांभाळा: दक्षिणेत पालेभाजी आणि शेंगांच्या भाज्यांत चवीसाठी डुकराच्या मांसाचा तुकडा टाकायची पद्धत आहे. "व्हेजिटेबल" लिहिलंय म्हणून समजून चालू नका, भाजी कशात शिजवली ते विचारा. आम्ही विचारलं, वाढणाऱ्या बाईंनी हसून ताट मागे घेतलं आणि मॅकरोनी-चीज, रताळी आणि कॉर्नब्रेड आणून दिलं. पराठ्यांचा डबा गाडीत होताच.